‘गॅस असेल, दुसरं काही नाही’

छातीत दाबल्यासारखं होतं, कळ डाव्या दंडातून खाली उतरते, कपाळावर घाम येतो, आणि तरीही घरात पहिलं नाव निघतं ते गॅसचं. रात्रीचं जेवण जड झालं असेल, दुसरं काही नाही. मग ओवा चावून होतो, ईनो फसफसतं, कुणीतरी पाठ चोळून देतं, आणि ‘जरा पडून बघतो’ म्हणता म्हणता दोन तास निघून जातात. झटका आलेल्या हृदयाच्या दृष्टीने हेच तास लाखमोलाचे. गुठळीने बंद झालेली रक्तवाहिनी जितकी लवकर मोकळी होईल तितका स्नायू वाचतो. एकदा मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. हे सगळं अज्ञानापोटी घडतं, लोकांना लक्षणं नीट समजावून सांगितली की प्रश्न मिटेल, असं आपण धरून चालतो. ते पुरतं खरं नाही. ज्यांना आधी एकदा झटका येऊन गेला आहे, अतिदक्षता विभागातल्या खाटेवर ज्यांनी रात्री काढल्या आहेत, अशी माणसंही दुसऱ्या वेळी लवकर दवाखान्यात पोहोचतातच असं नाही, हे निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत दिसून आलं आहे. लक्षणं त्यांना पाठ असतात. तरी त्या घडीला मन ती मानायला तयार होत नाही.

मनाच्या या वागण्याला मानसशास्त्रात ‘नकार’ म्हणतात, आणि अशा सगळ्या वागण्यांना मिळून ‘संरक्षण यंत्रणा’. असह्य विचारापासून मन स्वतःचा बचाव करतं ही कल्पना सिग्मंड फ्रॉइडने १८९४ साली एका निबंधात मांडली. तिला शिस्तशीर रूप दिलं ते त्याची धाकटी मुलगी अ‍ॅना फ्रॉइड हिने, १९३६ साली व्हिएन्नात प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात. दमन, प्रक्षेपण, विस्थापन, प्रतिगमन ही नावं अवघड वाटली तरी त्यांच्यामागचं वागणं आपल्या रोजच्या पाहण्यातलं आहे. साहेबाने झापल्याचा राग घरी येऊन पोरावर निघतो तेव्हा आपण वड्याचं तेल वांग्यावर म्हणतो, आणि अपयशाचं खापर अंगणावर फोडणाऱ्यालाही आपण चांगले ओळखून असतो. या यंत्रणांचं मर्म हे की त्या माणसाच्या नकळत चालतात. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं. गॅसचं नाव घेणाऱ्याला त्या क्षणी खरोखरच गॅस वाटत असतो. म्हणूनच त्याला खोटारडा किंवा भित्रा ठरवून काही हाती लागत नाही.

अशा माणसाला सल्ला एकच मिळतो : डोळे उघड, वास्तवाला सामोरा जा. त्यामागे अशी समजूत असते की बचाव म्हणजे दुबळेपणा, आणि तो जितका लवकर मोडून काढावा तितकं बरं. मला ही समजूत चुकीची वाटते, आणि काही वेळा घातकही. मनाने घेतलेला आडोसा चांगला की वाईट हे त्या आडोशाकडे नुसतं बघून ठरवता येत नाही. तो कोणत्या वेळी घेतला, किती काळ टिकला आणि त्याच्या आड नेमकं कोणतं काम तुंबून राहिलं, यावरून ते ठरतं. मन मोकळं होतं तेही बाहेरच्याने धक्का मारला म्हणून होतं असं क्वचितच दिसतं. या म्हणण्याला पुरावा आहे, आणि त्याची सुरुवात हृदयरोग्यांपासूनच करता येते.

अमेरिकेत १९६०च्या दशकात हृदयरोग्यांसाठी वेगळे अतिदक्षता विभाग नुकते सुरू झाले होते. चोहोबाजूंनी यंत्रं, पडद्यावर सतत धावणारी रेघ, शेजारच्या खाटेवर कुणाचं तरी हृदय थांबतं आणि डॉक्टर धावत येतात. हे सारं पाहून रुग्ण भीतीने अर्धमेले होत असतील, अशी शंका होती. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले मनोविकारतज्ज्ञ थॉमस हॅकेट आणि नेड कॅसम यांनी सहकाऱ्यांसह अशा ५० रुग्णांचा अभ्यास करून तो १९६८ साली प्रसिद्ध केला. बहुतेकांनी कमीअधिक प्रमाणात नकाराचा आधार घेतला होता. मला भीती वाटतच नाही, असं सांगणारे त्यांत बरेच होते, आणि ज्या यंत्रांची डॉक्टरांना धास्ती होती तीच यंत्रं कित्येक रुग्णांना दिलासा देत होती. यापुढचा धागा १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिळतो. हृदयविकाराने दाखल झालेल्यांपैकी कोण किती नकार देतं हे मोजून संशोधकांनी त्यांचा पुढे वर्षभर मागोवा घेतला. रुग्णालयात असताना जास्त नकार देणाऱ्यांची प्रकृती अधिक चांगली राहिली. त्यांना अतिदक्षता विभागात कमी दिवस काढावे लागले आणि हृदयाच्या बिघाडाच्या खुणाही त्यांच्यात कमी दिसल्या. घरी गेल्यावर मात्र चित्र उलटं झालं. त्याच माणसांनी डॉक्टरांच्या सूचना कमी पाळल्या, आणि पुढच्या वर्षात त्यांनाच रुग्णालयात अधिक दिवस काढावे लागले.

माणूस तोच, यंत्रणा तीच, फक्त प्रसंग बदलला. याचं कारण शोधायला फार खोल जावं लागत नाही. अतिदक्षता विभागात रुग्णाने करण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं. औषध नळीतून जातं, निर्णय डॉक्टर घेतात, आणि घाबरून नाडी व रक्तदाब वाढवण्याखेरीज त्याच्या घाबरण्याचा काही उपयोग नसतो. तिथे ‘मला काही झालेलं नाही’ असं वाटणं हा एक प्रकारचा विसावा असतो. घरी आल्यावर सगळं त्याच्याच हातात येतं : गोळ्या, मीठ, तंबाखू, सकाळचं चालणं, पुढची तपासणी. तिथे तेच वाक्य गोळीच्या पाकिटाला हात लावू देत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांनी सुझन फोकमन यांच्यासह १९८४ साली लिहिलेल्या ग्रंथात ताणाला तोंड देण्याच्या दोन वाटा सांगितल्या. एक परिस्थिती बदलण्याची, दुसरी परिस्थितीमुळे मनात उठणारी खळबळ आवरण्याची. जिथे करण्यासारखं काही आहे तिथे पहिली हवी, जिथे नाही तिथे दुसरी. या कसोटीवर घासलं की नकाराचा हिशेब बराचसा स्पष्ट होतो. घरी परतलेल्या रुग्णाशी कसं बोलावं हेही त्यातून सुचतं. ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ खेरीज उत्तर येत नाही. ‘गोळ्या कधीमधी सगळ्यांच्याच चुकतात, गेल्या आठवड्यात तुमच्या किती चुकल्या?’ असं विचारलं, तर दोन चुकलेल्या गोळ्या कबूल करायला माणसाला जागा मिळते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की फ्रॉइडचे सिद्धांत आता जुने झाले, त्यांत विज्ञान किती आणि कल्पना किती? आक्षेप रास्त आहे. रॉय बॉमाइस्टर आणि दोन सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रयोगांतून जमा झालेला पुरावा एकत्र करून तपासला. नकाराला भक्कम आधार मिळाला. मनात जे आहे त्याच्या नेमकं उलट वागणं, किंवा बोचणारी गोष्ट मनाच्या एका कोपऱ्यात वेगळी ठेवणं, यांनाही मिळाला. विस्थापनाचा पुरावा तोकडा निघाला आणि उदात्तीकरणाचा, म्हणजे दुखऱ्या ऊर्मीला कलेकडे किंवा कामाकडे वळवण्याचा, जवळपास सापडलाच नाही. प्रक्षेपणाबद्दल मात्र एक वेगळीच गोष्ट पुढे आली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की स्वतःमधल्या एखाद्या नकोशा दुर्गुणाचा विचार माणूस जोर लावून दाबत राहिला, की तोच दुर्गुण त्याला समोरच्यात ठळक दिसू लागतो. दाबायच्या खटपटीत तो विचार सतत जागा राहतो आणि समोर येईल त्याच्यावर चिकटतो. फ्रॉइडने रंगवलेलं स्पष्टीकरण इथे जसंच्या तसं टिकत नाही, पण त्याने हेरलेलं वागणं टिकतं. मला एवढं पुरेसं वाटतं. नकाशा जुना असला तरी त्यावरची काही गावं खरोखर जागेवर आहेत, आणि कोणती नाहीत तेही आता कळलं आहे.

दुसरा आक्षेप आजच्या काळातला आहे. मनात काही ठेवू नये, मोकळं व्हावं, बोलून टाकावं, हाच आरोग्याचा मार्ग असं हल्ली सगळीकडे सांगितलं जातं. मग बचावाची बाजू कशाला घ्यायची? त्याचं उत्तर काही नकोशा निष्कर्षांमध्ये आहे. मोठ्या आघातानंतर लगेच माणसांना बसवून घडलेलं सगळं सविस्तर बोलायला लावायचं, अशी पद्धत गेल्या शतकाच्या अखेरीस बरीच रूढ झाली होती. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर तिची रीतसर चाचणी झाली आणि निष्कर्ष १९९७ साली आले. १३ महिन्यांनंतर आघातोत्तर मनोविकाराची लक्षणं असं बोलायला लावलेल्यांपैकी २६ टक्क्यांत दिसली, तर ज्यांना तसं बोलायला लावलं नव्हतं त्यांच्यापैकी ९ टक्क्यांत. रागाचंही तेच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रॅड बुशमन यांच्या प्रयोगात, ज्याच्यावर राग आहे त्याला आठवत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग निवण्याऐवजी भडकला. दोन मिनिटं नुसते गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. उलट जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा लिहून झाल्यावर त्यांना लगेच वाईट वाटलं, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या शेकडो अभ्यासांचा मेळ घालता हा फायदा लहान ठरला, तरी तो आहे. पेनेबेकर यांच्या विद्यार्थ्यांनी कोणता प्रसंग काढायचा आणि त्यात किती खोल जायचं हे स्वतः ठरवलं होतं. भाजलेल्या माणसांपुढे वेळ आणि विषय दोन्ही ठरवूनच नेले होते. मोकळं होण्याचं औषध लागू पडतं की नाही, हे बऱ्याच अंशी मात्रा कोण ठरवतं यावर अवलंबून असतं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो व्यसनाच्या घरातून येतो. दारू पिणाऱ्याच्या नकाराची वाक्यं महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात सारखीच ऐकू येतात : रोज थोडीच घेतो, स्वतःच्या पैशाने पितो, मनात आणलं तर उद्या सोडेन, आणि पिणारे खरे ते वेगळे, जे गटारात पडतात ते. दरम्यान बायको दागिना गहाण टाकते, मुलगा बापाला ओळखीच्यांसमोर टाळू लागतो. अशा घरात ‘बचाव समजून घ्या’ म्हणणं हे जखमेवर मीठ चोळणं आहे, असं कुणी म्हटलं तर त्याचा संताप मला पूर्ण मान्य आहे. इथला नकार झटक्यानंतरच्या चार दिवसांचा नसतो. तो वर्षानुवर्षं टिकतो आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते. तरीही तो मोडायचा कसा, हा प्रश्न उरतोच. अनेक वर्षं व्यसनोपचारात असं मानलं जात होतं की रुग्णाच्या तोंडावर सत्य फेकलं, चारचौघांत त्याला उघडं पाडलं, की नकार कोसळतो. विल्यम मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली हे तपासलं. कुणाच्या वाट्याला भिडणारा समुपदेशक यावा आणि कुणाच्या वाट्याला ऐकून घेणारा, हे सोडतीने ठरवलं होतं. भिडण्याच्या पद्धतीत रुग्णांचा प्रतिकार वाढला, आणि समुपदेशक जितका अधिक भिडला होता तितकी रुग्णाची दारू वर्षभरानंतर जास्त होती. आधीच हट्टी असलेल्या रुग्णांनी समुपदेशकाला भिडायला लावलं असेल, अशी शंका येते. पण पद्धत सोडतीने वाटलेली होती आणि प्रतिकारातला फरक त्या पद्धतीनुसार पडला, त्यामुळे ती शंका बरीचशी मागे पडते. हल्ला झाला की मन आडोसा आणखी घट्ट धरतं.

मग करायचं काय? मिलर यांच्या पद्धतीत रुग्णाला त्याच्याच तोंडून दोन गोष्टी शेजारी ठेवायला लावतात : त्याला आयुष्यात काय हवं आहे, आणि दारू त्याला कुठे नेते आहे. मुलीचं लग्न नीट व्हावं असं म्हणणारा माणूस गेल्या दिवाळीत आपण कुठल्या अवस्थेत होतो हे सांगू लागला, की ती विसंगती दुसऱ्या कुणी दाखवण्याची गरज उरत नाही. हे सौम्य आहे, पण सवलत नव्हे. दारूसाठी पैसे देणं थांबवणं, कामावर त्याच्या वतीने खोटं कारण न कळवणं, मारहाण झाली तर घर सोडणं किंवा पोलिसांकडे जाणं, यांतलं काहीही या पद्धतीच्या आड येत नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णांबरोबर त्यांच्या पत्नींनाही उपचारात सामील करून घेतलं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण नकार एकट्या पिणाऱ्याचा नसतो. ‘आमच्याकडे तसलं काही नाही’ हे वाक्य सगळं घर मिळून उभं करतं, आणि शेजाऱ्यांपुढे ते टिकवण्यात बायकोचं आयुष्य झिजतं.

या यंत्रणा वयानुसार बदलतात, हाही आशेचा एक भाग आहे. फीबी क्रेमर यांच्या अभ्यासांत लहान मुलांमध्ये नकार जास्त आढळला आणि वय वाढलं तशी त्याची जागा अधिक गुंतागुंतीच्या यंत्रणांनी घेतली. एखादी युक्ती कशी चालते हे मुलाला कळू लागलं की ती त्याच्यापुरती निकामी होत जाते. मोठेपणीही हा प्रवास थांबत नाही, असं जॉर्ज व्हेलंट यांनी दाखवलं. हार्वर्डमध्ये १९३८ साली सुरू झालेल्या अभ्यासातल्या २६८ विद्यार्थ्यांची आयुष्यं पुढे दशकानुदशकं नोंदली गेली. व्हेलंट यांनी त्या नोंदींतून बचावाच्या तऱ्हा निवडून त्यांची उतरंड लावली आणि १९७७ साली ती पुस्तकरूपाने मांडली. वरच्या पायरीवर त्यांनी विनोद, परोपकार, येणाऱ्या संकटाची आधीच तयारी, उदात्तीकरण आणि जाणूनबुजून थोपवून धरणं या पाच गोष्टी ठेवल्या. ज्यांच्याकडे त्या होत्या त्यांची नाती, कामं आणि मनःस्वास्थ्य उतारवयात अधिक चांगलं होतं. सुखवस्तू गोऱ्या पुरुषांवरून सगळ्या जगाचं काय सांगता, असं विचारायला हवंच. बॉस्टनच्या गरीब वस्त्यांत वाढलेल्या ४५६ मुलांच्या अभ्यासातही हाच कल आढळला आणि त्यात बुद्ध्यंकाने किंवा आईबापांच्या आर्थिक स्थितीने फारसा फरक पडला नाही. पण तेही गोरे अमेरिकी पुरुषच होते, तेव्हा आपल्याकडे हे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही.

या पाचांतलं ‘थोपवून धरणं’ कुणालाही शिकण्यासारखं आहे, आणि नकाराशी त्याची गल्लत होते म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७च्या प्रसिद्ध प्रयोगात लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार न करायला सांगितलं होतं. ते त्यांना जमलं नाही, आणि मुभा मिळाल्यावर अस्वल आणखी जोमाने परत आलं. विचार पुसून टाकण्याचा हट्ट असा अंगाशी येतो. थोपवण्यात विचार पुसायचा नसतो, त्याला वेळ नेमून द्यायची असते. थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली सतत चिंता करणाऱ्यांना हेच सांगितलं : रोज एकाच ठिकाणी, एकाच वेळी अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवा, दिवसभरात काळजी डोकावली की तिला त्या अर्ध्या तासाकडे पाठवा आणि हातातल्या कामाकडे वळा, वेळ झाली की मात्र खरोखर बसा आणि तीतून काय करता येईल ते बघा. चार आठवड्यांत त्यांची चिंता कमी झाली. मुलाच्या फीची काळजी दुपारी कामावर असताना बाजूला सारली आणि रात्री नऊला वही उघडून आकडेमोड केली, तर ते थोपवणं. वही उघडलीच नाही, रोज फक्त ‘होईल काहीतरी’ म्हटलं, तर तो नकार. बाहेरून दोन्हींची दुपार सारखीच दिसते.

आपल्याकडच्या एका प्रसंगात हा सगळा विचार पणाला लागतो. वडिलांना कर्करोग झाल्याचं निदान होतं आणि मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गाठून विनवतो, ‘बाबांना सांगू नका, ते खचतील.’ त्यामागचं प्रेम खोटं नसतं. पण किमोच्या वॉर्डात बसलेल्या माणसाला आजूबाजूला काय चाललंय ते दिसतं, आणि बहुतेक वेळा तो ओळखतो. मग तो मुलासाठी न कळल्यासारखं करतो, मुलगा त्याच्यासाठी. बार्नी ग्लेझर आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्रॉस यांनी १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांतल्या मरणासन्न माणसांवर लिहिताना या परस्परांच्या बतावणीचं बारकाईने वर्णन केलं होतं. त्यात घराचे व्यवहार, कुणाला भेटायची राहिलेली इच्छा, मागायची राहिलेली माफी, सगळं अडून राहतं. याला उत्तर म्हणून सगळं सत्य एका दमात सांगून टाकणं हा पुन्हा तोच हल्ला झाला. वाईट बातमी देण्याची जी पद्धत आता डॉक्टरांना शिकवली जाते तिच्यात सांगण्याच्या आधी विचारणं येतं : तुम्हाला आजाराबद्दल काय समजलं आहे, आणि आणखी किती जाणून घ्यायला आवडेल? काही रुग्ण सगळं विचारतात. काही म्हणतात, मला नको, थोरल्याला सांगा, तो बघेल. ते उत्तरही मानायचं असतं, कारण ते त्या माणसाने स्वतः दिलेलं आहे, दाराबाहेर दुसऱ्या कुणी त्याच्या वतीने दिलेलं नाही. आणि पुढच्या भेटीत, औषध बदलायची वेळ आली की, तोच प्रश्न त्याला पुन्हा विचारायचा असतो, कारण तोवर त्याचं मन बदललेलं असू शकतं.